पेसामिनोची केबल

पेसामिनोची आणि माझी चाळीस वर्षांची ओळख, असं गावात सगळे म्हणतात. मी मान डोलावतो. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मला त्याच्याबद्दल फारच थोडं माहीत आहे. तरुणपणी तो तीन वर्षं न्यूझीलंडला होता. तिथं काय केलं, परत का आला, मी कधी विचारलं नाही. लग्न का केलं नाही, तेही नाही. नीरफणस त्याला भाजलेला आवडायचा की उकडलेला, हेसुद्धा मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आम्ही भेटायचो ते गाडीच्या बॉनेटखाली वाकून, आणि बोलायचो ते गाडीबद्दल.

मी काही लिहिणारा माणूस नाही. चर्चच्या हजेरीवहीत नावं लिहितो आणि ऑकलंडला मुलीला वर्षातून दोन पत्रं. हे लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात पेसामिनोला पुरलं, तेव्हा आमच्या गावचा बसमालक आसुएलू माझ्या शेजारी उभा होता. डोळे पुसत तो म्हणाला, "असा कारागीर या बेटावर पुन्हा व्हायचा नाही. आयुष्यात एकच चूक केली बिचाऱ्यानं, ती पाद्रीसाहेबांच्या गाडीची." आणि मी नेहमीसारखा गप्प राहिलो.

ती चूक त्याची नव्हती. हे आता जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे, आणि मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे.

सवाईई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आमचं गाव. पेसामिनोचं गॅरेज म्हणजे माडाच्या चार खांबांवर टाकलेले पत्रे, बहिणीच्या घरामागं, नीरफणसाच्या झाडाखाली. बहीण सीनिवा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, विधवा. केवड्याची पानं उकळून, उन्हात पांढरी करून, चिरून ती चटया विणायची. गावातल्या बायकांच्या विणकामघरात तिचा शब्द शेवटचा. पेसामिनो दिवसभर ग्रीसनं माखलेला असायचा आणि आसुएलूशी वाटेल ते चावट बोलायचा. पण कुंपणाशी सीनिवाची सावली दिसली की अर्धा विनोद तिथंच गिळायचा, बसला असला तर उठून उभा राहायचा आणि 'अहो ताई' म्हणायचा. आमच्याकडं भाऊ बहिणीचा मान राखतातच. त्याचं जरा जास्त होतं, इतकंच.

त्याची खरी ख्याती होती ती कानाची. गाडी आणली की इतर मेकॅनिक चालवून बघतात. हा म्हणायचा, "चालवू नका. उभी ठेवा. पळताना सगळ्याच गाड्या चांगल्या बोलतात. उभी असताना काय बोलते ते ऐकू द्या."

मग इंजिन सुरू ठेवून तो शेजारी नुसता बसायचा. शाळेच्या मास्तरांची पिकअप एकदा उभ्या उभ्या अशी थरथरायची की मागच्या फळीवरचे नारळ गडगडत खाली पडायचे. पेसामिनोनं स्पार्क प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि लावल्या. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तरी आवाजात काडीचा फरक पडला नाही.

"हा," तो म्हणाला. "ज्याला गप्प केलं तरी फरक पडत नाही, तो आधीपासूनच गप्प होता. आपल्या गायनमंडळात पण असाच ओळखायचा." आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. मी मंडळात नुसतं तोंड हलवतो, हे त्याला कधी कळलं होतं कोण जाणे. तो माझ्याच रांगेत उभा राहून खालच्या पट्टीत गायचा.

रेस आपोआप वाढत असेल तर त्याचं हत्यार वेगळं. पपईच्या पानाचा लांब पोकळ देठ तोडायचा, एक टोक कानात आणि दुसरं इंजिनवर फिरवायचं. कुठल्या रबरी नळीला चीर गेली असेल, कुठली गॅस्केट सुटली असेल, तिथं हवा आत ओढली जाताना बारीक शीळ वाजते. ती देठातून त्याला ऐकू यायची. मग साबणाच्या पाण्याचा ब्रश त्या जागी लावायचा. पाण्यानं चीर क्षणभर बुजली की इंजिनचा आवाज बदलायचा आणि हा देठ फेकून द्यायचा. दर गाडीला नवा देठ. त्याच्या अंगणातल्या पपईला खालची पानं कधी राहिलीच नाहीत.

पाद्रीसाहेबांना गावात येऊन दहा वर्षं झाली, तेव्हा परदेशातल्या आमच्या लोकांनी मिळून त्यांना गाडी पाठवली. पांढरी, जपानी, वापरलेली, क्लच नसलेली. तिचा चालक म्हणून चर्चच्या मंडळीनं मला नेमलं, कारण मी हळू चालवतो. पेसामिनोनं प्लग बदलले, हवेचा मार्ग साफ केला, तेल घातलं आणि दुकानापुढं दहा माणसांत सांगितलं, "पाद्रीसाहेबांचा धाकटा लग्नाला येईपर्यंत या इंजिनला काही होत नाही. माझा शब्द." धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता.

त्याच आठवड्यात सीनिवानं गाडीला भेट दिली. ती आधी एकदा येऊन, गाडीत गुडघ्यावर बसून, दोरीनं चालकाच्या पायाखालच्या जागेचं माप घेऊन गेली होती. तीन आठवडे विणून तिनं त्या मापाची चटई केली. कडा दुहेरी विणलेल्या, ताठ, आणि कडेला लाल-हिरव्या लोकरीची झालर. समारंभात दोन मुलींनी ती हातांवर पसरून सगळ्या गावापुढून नेली. चटया आमच्याकडं सगळ्यांच्याच घरी असतात, पण गाडीसाठी विणलेली चटई कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या गावांतल्या बायका बघायला आल्या. सीनिवा त्या दिवशी हसली. ती क्वचित हसायची. पेसामिनो लांब, माडाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा असा, जणू चटई त्यानंच विणली आहे.

पुढच्या रविवारपासून गाडीला ते सुरू झालं.

पाद्रीसाहेबांचं घर गावाच्या एका टोकाला, चर्च दुसऱ्या. वाटेत मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन ओरडतच राहिलं. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा अठराशेवर. गाडी ब्रेकला जुमानेना. सोमवारी पेसामिनोकडं नेली, तर काटा सातशेवर आणि इंजिन मांजरासारखं शांत. त्यानं देठ फिरवला, साबण लावला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढून पाहिली. काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सोमवारी पुन्हा मांजर.

"गाडी धार्मिक आहे," आसुएलू म्हणाला. "रविवारीच अंगात येतं तिच्या. का पेसा, तुझ्याकडून काही उलटंसुलटं बसलंय?"

"इंजिन ठीक आहे," पेसामिनो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी चर्चपुढं गाडी थांबवून मी सगळ्यांना उतरवलं. जरा पुढं सावलीत लावावी म्हणून ब्रेकवरचा पाय ढिला केला, तोच तिनं उडी मारली. मी पुन्हा ब्रेक दाबेपर्यंत घंटेचा खांब आडवा झाला होता. आमची घंटा म्हणजे गॅसचं रिकामं नळकांडं. ते सुटून घणघणत उतारावरून थेट समुद्राच्या बांधापर्यंत गेलं. कुणी हसलं नाही. दोन मिनिटांपूर्वी रविवारच्या वर्गाची अकरा लेकरं त्या खांबाखाली उभी होती.

मला कुणी तरी हाताला धरून बाहेर काढलं.

गावसभेतल्या मताईंनी, म्हणजे आमच्या कुळप्रमुखांनी, त्याच दुपारी निरोप दिला: उद्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी सभा. चूक चालकाची की मेकॅनिकची, ते ठरायला हवं. मेकॅनिकची ठरली तर पेसामिनोच्या शब्दाला पुढं किंमत राहायची नाही, हे न सांगताही सगळ्यांना कळलं. त्याच्याजवळ शब्दाशिवाय दुसरं होतंच काय? ते पत्रेही बहिणीचे.

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. आम्ही बांधावर बसलो. रविवारी दुरुस्तीसाठी गाडीला हात लावायची आमच्याकडं मुभा नाही, पण कान लावायला बंदी नव्हती. गाडी आली तेव्हा तो चर्चच्या पायऱ्यांवर होता आणि त्यानं ऐकलं होतं.

"इओपू, ती धापा टाकत नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हवा चोरवाटेनं आत शिरली की इंजिन गोंधळतं. चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. ही सरळ चढली आणि वर बसून राहिली. म्हणजे हवा दारातूनच जातेय. दार कुणीतरी उघडं धरलंय."

"दार म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर ना? मी पाय काढला होता रे. देवाशपथ काढला होता."

"रविवारी देवाची शपथ घालू नकोस. मला माहीत आहे तू काढला होतास." मग समुद्राकडं बघून म्हणाला, "रविवारी गाडीत असं काय असतं, जे सोमवारी नसतं?"

मी म्हटलं, "पाद्रीणबाई."

तो हसला नाही. "वजन," म्हणाला. "असू शकतं. खाली काहीतरी दबून केबल ओढली जात असेल. गुरुवारी सगळ्यांना घेऊन ये. रविवारी येता तसंच. काही म्हणजे काही बदलायचं नाही."

गुरुवारी पाद्रीसाहेबांचं सगळं कुटुंब पांढरे कपडे घालून, टोप्या चढवून, बायबल मांडीवर घेऊन गाडीत बसलं आणि मी त्यांना पेसामिनोच्या अंगणात आणलं. 'काही बदलायचं नाही' म्हटल्यावर पाद्रीणबाईंनी रविवारच्या जेवणाचं पातेलंसुद्धा मांडीवर घेतलं होतं, रिकामं. कुंपणावर निम्मं गाव.

"पाद्रीणबाई, आज उपदेश काय आहे?" आसुएलूनं विचारलं.

"जिभेला लगाम घाला," बाई खिडकीतून म्हणाल्या.

काटा सातशेवर. पेसामिनोनं सगळ्यांना एकदम डावीकडं झुकायला सांगितलं, मग उजवीकडं. लोक खदखदून हसत होते. पाद्रीसाहेबांची टोपी पडली. काटा जागचा हलला नाही. अर्ध्या तासानं पेसामिनो म्हणाला, "उतरा. नारळपाणी घ्या." आणि मी पहिल्यांदा त्याची मान खाली गेलेली पाहिली. कुंपणावरून कुणीतरी म्हणालं, "मान्य कर ना पेसा, होतं एखाद्याकडून." गर्दी हळूहळू पांगली.

तो चालकाच्या दारात उकिडवा बसला आणि पेडलांजवळ डोकं घातलं. बराच वेळ तसाच. मग दोन बोटांनी अ‍ॅक्सिलरेटरच्या खालच्या टोकाच्या बिजागरीतून काहीतरी सोडवलं. लोकरीचा धागा होता, लाल, बोटभर.

"इथं काय घालता रे?" त्यानं हळू विचारलं.

मी सांगितलं. सांगतानाच माझ्या लक्षात आलं की हे मी तीन रविवार बघत होतो. चटई फक्त रविवारी घालायची. घरी आलं की पाद्रीणबाई ती काढायला लावून गादीखाली ठेवायच्या. आणि आज? आज तर ती घातलीच नव्हती. पेसामिनोच्या अंगणात त्याच्या बहिणीच्या हातच्या चटईवर ग्रीसचे पाय पडले, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत, तर काय वाटेल तिला? पातेलं आणलं, टोप्या आणल्या, पण चटई आणायची हे कुणाच्या मनातच येणं शक्य नव्हतं. कुठल्याही शहाण्या घरानं हेच केलं असतं. मीच ती दर वेळी गुंडाळून आत दिली होती.

पेसामिनोनं धागा बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला. "कुणाशी बोलू नकोस," म्हणाला.

शनिवारी पाद्रीसाहेबांकडं सगळे उद्याच्या स्वयंपाकात होते. जमिनीतल्या भट्टीसाठी दगड तापत होते. मी पाद्रीणबाईंकडून 'उन्हात घालतो' म्हणून चटई मागून घेतली आणि आम्ही दोघं गाडीत बसलो. पेसामिनोनं ती घातली. रविवारी मी बसतो तसा तो बसला, टाचा टेकवल्या, ब्रेक दाबला. केवड्याचं पान गुळगुळीत. टाचेच्या रेट्यानं चटई बोटभर पुढं सरकली आणि तिची ताठ दुहेरी कड अ‍ॅक्सिलरेटरच्या टोकावर चढून बसली. काटा उठला. हजार, चौदाशे, अठराशे. तिथंच थांबला, खिळा ठोकल्यासारखा.

त्यानं कड बोटानं उचलली. सातशे.

पुन्हा केलं. अठराशे. पुन्हा उचलली. सातशे. तिसऱ्यांदाही तेच. तो माझ्याकडं वळला आणि लहान मुलासारखा हसला. "कान चुकला नव्हता," म्हणाला. "दार उघडं धरलं होतं!" त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझं कपाळ खिडकीवर आपटलं. एवढा आनंदात मी त्याला आधी किंवा नंतर पाहिला नाही.

"मग झालं!" मी म्हटलं. "सोमवारी चटई घेऊन सभेत जाऊ. तू असंच करून दाखव."

तेवढ्यात रस्त्यावरून सीनिवाचा आवाज आला. ती चर्चमध्ये अंथरायच्या चटया घेऊन चालली होती.

"पेसा, गाडीची खोड सापडली का रे तुला?"

तो गाडीतून उतरून उभा राहिला. "सापडतेय, ताई. तुम्ही व्हा पुढं."

"जेवायला वेळेवर ये. गुरुवारपासून धड जेवला नाहीस."

"हो, ताई."

ती गेली. तो पुन्हा आत बसला नाही. चटई काढून त्यानं हातांत घेतली आणि कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"माप अगदी बरोबर आहे," म्हणाला. "दोरीनं घेतलं होतं. कड ताठ केली ती गाडीत चुरगळू नये म्हणून. केवडा टाचेखाली सरकतो, हे तिला कसं कळणार? ती कधी गाडी चालवत नाही."

"तिला कोण दोष देणार आहे?"

"दोष नाही. हसतील."

"आसुएलू हसेल."

"वर्षानुवर्षं हसेल. आणि बायका म्हणतील, सीनिवाच्या चटईपायी अकरा लेकरं जाणार होती." त्यानं चटई गुंडाळली, झालर आत दुमडू न देता, हळूच. "तुझ्यावर काही येऊ देणार नाही, इओपू. तू फक्त नेहमीसारखा बस."

नेहमीसारखा म्हणजे कसा, ते मला समजलं.

सोमवारी सभा भरली. मताई आपापल्या खांबाला टेकून बसले. आम्ही दोघं मागं, कडेला. पेसामिनोला बोलायला सांगितलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल आत अडकत होती. मी बघायला हवी होती, बघितली नाही. इओपूनं पाय काढला होता. आता दुरुस्त केली आहे. पुन्हा होणार नाही."

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे नक्की आठवतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, नुसता तळवा जमिनीवर सपाट ठेवला. मी तोंड मिटलं.

दंड झाला: एक डुक्कर आणि डबाबंद माशांची दहा खोकी. शिवाय चर्चच्या गाड्या यापुढं बंदराजवळच्या गॅरेजमध्ये न्यायच्या. हा दुसरा भाग त्याला जास्त लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग त्यानं एक विनंती केली. "सीनिवाताईंची चटई चालकाच्या पायाखाली असते. एवढी मानाची चटई इओपूच्या पायांखाली शोभत नाही. ती मागं, पाद्रीसाहेब बसतात तिथं असावी."

सगळ्यांना पटलं. पाद्रीसाहेब तर म्हणाले, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. पुढच्या रविवारी चटई मागच्या आसनावर होती, लाल-हिरवी झालर खिडकीतून दिसत होती आणि रस्त्यावरचे लोक बोट दाखवत होते. काटा सातशेवर. लोक म्हणाले, पेसानं केबल बरी केली.

त्यानंतर दोन वर्षं त्याच्या पत्र्याखाली कमी गाड्या उभ्या राहिल्या. मास्तर यायचे, मी माझी जुनी पिकअप कारण नसताना न्यायचो. आसुएलू बस घेऊन बंदराजवळ जायचा. तिथल्या लोकांनी बसच्या लंगडण्यावर तीनदा काहीबाही बदललं, तरी ती लंगडतच राहिली. शेवटी एक दिवस आसुएलू मुकाट्यानं पेसामिनोच्या अंगणात येऊन उभा राहिला. पेसामिनोनं पपईचा देठ तोडला, पाच मिनिटांत इंजिनच्या मागच्या बाजूची चिरलेली नळी दाखवली आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून बस रस्त्याला लावली.

आसुएलू खूष. पण जीभ त्याची. जाताना म्हणाला, "केबल बघितलीस ना रे नीट?"

"बघितली," पेसामिनो म्हणाला.

हे मग गावाचं ठरूनच गेलं. गाडी घ्यायला येणारा प्रत्येक जण हसत विचारायचा, "केबल बघितली?" आणि तो प्रत्येकाला तितक्याच शांतपणे सांगायचा, "बघितली." शेकडो वेळा मी हे ऐकलं असेल. पहिल्या वेळी मला रडू येईल असं वाटलं होतं. पुढंपुढं मात्र असं व्हायचं की तो 'बघितली' म्हणाला की माझी छाती फुगायची. वाटायचं, तुम्हाला काय माहीत, कुणाशी बोलताय. मी या माणसाच्या गावचा आहे, त्याच्या रांगेत उभा राहतो. गायलो नाही तरी उभा राहतो.

सीनिवाला कळलं होतं का? मला सांगता येत नाही. तिला तशा चटया करून मागायला तीन गावांतून माणसं आली होती. ती म्हणाली, "आता डोळे गेले माझे, जमायचं नाही." त्यानंतर बारा वर्षं ती त्याच डोळ्यांनी केसाएवढ्या बारीक पातीच्या चटया विणत होती. पण गाडीची चटई तिनं पुन्हा कधी केली नाही. आणि त्या डुकराच्या दंडानंतर वर्षभर, पेसामिनो जेवायला बसला की ती स्वतः उभी राहून त्याला वारा घालायची. भावाचा मान बहीण असा राखताना मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

सीनिवा गेली दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. पेसामिनोचा एक पाय साखरेनं गेला, मग तो खाटेवरच असायचा. पत्र्याखाली आता कोंबड्या बसतात.

या वर्षी ईस्टरच्या आधी मी त्याच्याकडं गेलो. मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. खाटेजवळ बसलो आणि म्हटलं, "पेसा, ताई आता नाहीत. पाद्रीसाहेबही बदलून गेले. मी सभेत खरं काय ते सांगतो. आसुएलूला तरी सांगतो. तुझ्या नावावर ते तसंच राहू द्यायचं नाही मला."

एवढं लांब वाक्य मी त्याच्यापुढं कधी बोललो नव्हतो. तो छताकडं बघत होता. मग तळवा खाटेवर सपाट ठेवून म्हणाला, "बाहेर गाडी चालू ठेवून आलास?"

"बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही. बॅटरी गेलीय."

"मग बदल ना."

"बदलतो."

"कधी?"

"सोमवारी."

"बरं. सोमवारी बदल."